‘पुश बॅक’ म्हणजे अलीकडे की पुढे?

प्रश्न

पत्र लिहिणारी वाचक एकोणतीस वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग बी.कॉम., एम.कॉम. केलं. आता पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. ब्रिटनमधल्या ग्राहकांची बिलं आणि पेमेंट तिची टीम बघते. ईमेलमध्ये तिला कधी अडचण आली नाही. अडचण येते ती दर मंगळवारच्या कॉलवर, आणि तीही फ्रेजल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘बॅक’ असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांपाशी. एकदा पुढच्या सोमवारी द्यायच्या हिशेबाबद्दल समोरून ‘लेट्स पुश इट बॅक टु थर्सडे’ असं आलं. काम मागे सरकवलं, म्हणजे याच गुरुवारी हवं, असं समजून तिने दोन रात्री जागून ते पूर्ण केलं. प्रत्यक्षात त्यांनी तिला तीन दिवस जास्त दिले होते. दुसऱ्या एका कॉलवर ‘हा मुद्दा मी मॅनेजरपुढे ठेवते’ असं सांगायला ती म्हणाली, ‘आय विल पुट अप विथ द मॅनेजर.’ पलीकडे क्षणभर शांतता, मग कुणीतरी हसलं.

तेव्हापासून तिने एक वही केली आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या सहाशे फ्रेजल व्हर्ब, ए पासून झेड पर्यंत, पुढे मराठी अर्थ. रोज दहा पाठ करते. ‘वहीत येतात, कॉलवर येत नाहीत,’ असं ती लिहिते. शेजारच्या टेबलावरची इंग्रजी माध्यमातली सहकारी मात्र हे सगळं सहज बोलते. आता टीम लीडने पुढच्या महिन्यापासून मंगळवारचा कॉल हिनेच चालवावा असं सुचवलं आहे. ‘आधी इंग्रजी सुधारते, मग जबाबदारी घेते, असं सांगून नकार देऊ का?’ हा तिचा प्रश्न.

उत्तर

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला त्या दोन जागलेल्या रात्रींचं वाईट वाटलं. ती चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. नेमकं काय झालं ते आधी नीट बघू.

मराठीत आपण बैठक ‘पुढे ढकलतो’ तेव्हा ती नंतरच्या तारखेला जाते. इंग्रजीत त्याच कामाला ‘पुश बॅक’ म्हणतात, मागे ढकलणं, आणि अर्थ तोच राहतो: नंतर. उलट ‘ब्रिंग फॉरवर्ड’ शब्दशः पुढे आणणं, पण त्याने तारीख अलीकडे येते. म्हणजे काळाची दिशा सांगताना दोन भाषा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. मराठीत विचार करणाऱ्या माणसाला हे दोन्ही वाक्प्रयोग उलटेच ऐकू येणार. तुम्ही शब्द बरोबर ऐकलेत, अर्थही मन लावून काढलात. फक्त तो मराठीच्या दिशेने काढलात.

यात गोंधळणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. भाषा आणि काळ यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर आता ती कोणत्या वारी? ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा लोकांमध्येही काही जण सोमवार म्हणतात आणि काही जण शुक्रवार. तेव्हा पहिली सूचना इथेच देते, आणि ती कॉलवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. तारखेबद्दल काहीही बोलणं झालं, की दिशा विसरा आणि तारीख उच्चारा: ‘सो द न्यू डेट इज थर्सडे, द नाइन्टीन्थ?’ असं विचारलं म्हणून कुणी तुमचं इंग्रजी मोजत नाही. हिशेबाच्या माणसाने तारीख पक्की करून घ्यावी, अशीच सगळ्यांची अपेक्षा असते.

आता ‘पुट अप विथ’. आपल्याकडे कचेऱ्यांत ‘फाइल पुट अप करा’ हे रोज ऐकू येतं. साहेबांपुढे कागद ठेवणं हा त्याचा अर्थ, आणि भारतातल्या कार्यालयीन इंग्रजीत तो चांगला रुळलेला आहे. तुमच्या डोक्यात तोच प्रयोग होता. त्याला ‘विथ’ जोडला गेला आणि अर्थ झाला ‘मी मॅनेजरला सहन करीन’. तुम्हाला म्हणायचं होतं ‘आय विल टेक इट अप विथ द मॅनेजर’. शेजारी शेजारी ठेवून बघा. ‘अप’ बरोबर होता, ‘विथ’ बरोबर होता. ‘टेक इट’च्या जागी ‘पुट’ आला, एवढंच. आणि नुसतं ‘आय विल आस्क द मॅनेजर’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मराठी शाळेचं म्हणाल, तर इंग्रजी माध्यमात शिकलेलेही ‘कोप अप विथ’ म्हणतात, जिथे नुसतं ‘कोप विथ’ हवं. ‘मी 2015 ची पासआउट’ हे तर आपण सगळेच म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘पासिंग आउट’ लष्करी प्रशिक्षण संपवणाऱ्यांचं होतं. एरवी ‘पास आउट’ म्हटलं की तिथल्या माणसाला कुणीतरी चक्कर येऊन पडल्याचं कळतं. तुमच्या सहकारी सहज बोलतात याचं मुख्य कारण, त्यांच्या कानावर हे प्रयोग लहानपणापासून पडले. ते कान तुम्हाला आता करायचे आहेत. वय त्याच्या आड येत नाही.

मुळात आपल्याला शाळेत मिळालेलं इंग्रजी कुठलं, तेही समजून घ्यायला हवं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दीर्घकाळ दरबार आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, विद्वत्तेची आणि धर्माची लॅटिन राहिली. घरातली, शेतातली, बाजारातली भाषा मात्र इंग्रजीच होती. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द दिसतात: ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, ‘इन्व्हेस्टिगेट’ आणि ‘लुक इनटू’, ‘डिस्कव्हर’ आणि ‘फाइंड आउट’. पहिला शब्द लॅटिन-फ्रेंच घराण्यातला, दुसरा घरगुती. मराठीत ‘विलंब होणे’ आणि ‘उशीर होणे’ यांत जो फरक आहे, साधारण तसाच. आपण इंग्रजी शिकलो ते पाठ्यपुस्तकांतून आणि सरकारी पत्रांतून, म्हणून आपल्या वाट्याला ‘विलंब’ जास्त आले आणि ‘उशीर’ कमी. तुमचे ईमेल उत्तम आणि कॉल अवघड, यामागचं हेच कारण आहे.

आणि ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवलं आहे की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना सगळ्यात जास्त त्रास देते. ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘ब्रेक ऑफ’ अशी उदाहरणंही दिली आहेत. 1985 मध्ये डॅगट आणि लाऊफर या दोन अभ्यासकांनी हिब्रू मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं की ते फ्रेजल व्हर्ब टाळतात आणि त्याजागी एकशब्दी क्रियापद वापरतात. हिब्रूत तशी रचनाच नाही.

मराठीतही नेमकी तशी रचना नाही, पण तिच्या फार जवळची एक आहे, आणि ती तुम्ही दिवसभर वापरता. ‘तो बोलला’ हे साधं वाक्य. आता ‘बोलून गेला’, ‘बोलून बसला’, ‘बोलून टाकलं’, ‘बोलून दाखवलं’, ‘बोलून घेतलं’ हे बघा. बोलून गेला, म्हणजे भान न ठेवता तोंडून निघालं. बोलून बसला, म्हणजे आता पस्तावतोय. बोलून टाकलं, म्हणजे मनावरचं ओझं उतरवलं. बोलून दाखवलं, म्हणजे आतलं उघड केलं. बोलून घेतलं, म्हणजे समोरच्याशी चर्चा करून विषय मिटवला. मराठी शिकणारा परदेशी माणूस विचारील की ‘बोलून बसला’ म्हणजे कुठे बसला? त्याला सांगताना आपली पंचाईत होईल, कारण आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही. आई ‘अरे, काय करून बसलास!’ म्हणाली तेव्हा समोर फुटलेली बरणी होती, तिचा आवाज चढलेला होता, आणि अर्थ तिथेच कायमचा कळला. ‘ईट अप’मधला ‘अप’ हा ‘खाऊन टाक’मधल्या ‘टाक’च्या नात्यातला आहे. फ्रेजल व्हर्ब प्रसंगासकट कानावर पडायला हवी, तरच ती राहते. तुमच्या वहीत प्रसंग नाहीत, म्हणून वहीतली वहीतच राहते.

याचा पुरावा तुमच्याच पदवीत आहे. लेजरचं पान उलटताना तुम्ही काय लिहायचात? ‘बॅलन्स ब्रॉट फॉरवर्ड’, ‘बॅलन्स कॅरीड फॉरवर्ड’. बुडीत येणं ‘राइट ऑफ’ केलं. पैशांची रक्कम ‘राउंड ऑफ’ केली. प्राप्तिकरात तोटा ‘सेट ऑफ’ केला आणि उरलेला ‘कॅरी फॉरवर्ड’. कंपनी कायद्यात ‘वाइंडिंग अप’, भागभांडवलात ‘पेड-अप’ आणि ‘कॉल्ड-अप’, शेअरचा ‘बायबॅक’, कंपनीचा ‘टेकओव्हर’, किमतीवरचा ‘मार्कअप’. सगळ्या फ्रेजल व्हर्ब किंवा त्यांच्यापासून बनलेले शब्द. यांपैकी एकही तुम्ही चुकीचा वापरणार नाही. ‘राइट ऑफ’ आणि ‘राइट डाउन’ यांतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगाल: एकात मालमत्ता खात्यातून पूर्णच गेली, दुसऱ्यात तिची किंमत कमी करून लिहिली. हे तुम्ही ए टू झेड यादीतून शिकला नाहीत. हातात आकडे होते, समोर प्रश्न होता, नोंद बरोबर बसली की ताळेबंद जुळत होता.

हाच धागा पुढे नेता येतो. ‘राइट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ने रक्कम खात्यापासून तोडली. मग ‘कॉल ऑफ’ म्हणजे ठरलेली बैठक रद्द, ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फिटून सुटका, ‘ले-ऑफ’ म्हणजे कामावरून कमी करणं. सगळीकडे काहीतरी तुटतं, सुटतं, संपतं. ‘आउट’मध्ये बरेचदा झाकलेलं बाहेर येतं: ‘फाइंड आउट’, ‘टर्न आउट’, ‘पॉइंट आउट’, ‘फिगर आउट’. हा नियम नाही, हे मात्र बजावून सांगते. ‘पुट अप विथ’मध्ये सहन करणं कुठून आलं, हे ‘अप’कडे कितीही वेळ बघत बसलात तरी सापडणार नाही. छोट्या शब्दाचा कल लक्षात आला की नवा प्रयोग ऐकताना अंदाज बांधायला मदत होते, एवढाच त्याचा उपयोग. तुमचा ‘ब्रिंग फॉरवर्ड’च बघा. लेजरमध्ये रक्कम पुढच्या पानावर आली, कॉलवर तारीख अलीकडे आली. तसंच ‘पुश बॅक ऑन’ आलं की तारखेचा संबंधच उरत नाही, समोरच्याने हरकत घेतलेली असते. ‘द क्लायंट पुश्ड बॅक ऑन द फी’, म्हणजे ग्राहकाला फी मान्य नाही.

आता सहाशेंचं काय करायचं? ती वही बंद करा, असं मी स्पष्टच सांगते. फेकू नका, कपाटात ठेवा. 2007 मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात फ्रेजल व्हर्ब मोजल्या. त्यात नेहमीच्या शंभरांनीच एकूण वापराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापला होता. त्या शंभरांना शब्दकोशात सरासरी पाचाहून जास्त अर्थ होते, म्हणजे यादी लहान झाली तरी डोंगर तसाच. मग 2015 मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी दीडशे फ्रेजल व्हर्ब घेऊन प्रत्येकीचे खरोखर वापरात असलेले अर्थ तेवढे निवडले. सरासरी दोनसुद्धा भरले नाहीत, एकूण 288. तुमच्या वहीतल्या कितीतरी नोंदी वर्षभरातल्या एकाही कॉलवर तुम्हाला भेटणार नाहीत. आणि ए अक्षराने सुरू होतात म्हणून ‘ॲक्ट अप’ आणि ‘ॲड अप’ एकापाठोपाठ पाठ केल्या तर दोन्हींची सरमिसळ होते. तुम्हाला रोज लागणारी ‘चेस अप’ तोवर दूर कुठेतरी सी मध्ये वाट बघत बसते.

तुमच्या कामापुरती यादी कुठे मिळेल? तुमच्याच मंगळवारच्या कॉलमध्ये. कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणं अक्षरांत दाखवणारी कॅप्शनची सोय असते, ती सुरू करा. कंपनीच्या नियमात बसत असेल तर कॉलची लेखी प्रत काढून ठेवा. त्यातून आठवड्याला चार-पाचच प्रयोग उचला, आणि उचलताना पूर्ण वाक्य उचला. कोण, कशाबद्दल, का बोललं, तेही एका ओळीत लिहा. ‘गो थ्रू’चंच बघू. ‘द पेमेंट हॅजन्ट गॉन थ्रू’ म्हणजे पैसे पोचलेले नाहीत. ‘आय हॅव गॉन थ्रू द इनव्हॉइस’ म्हणजे बिल मी ओळीओळीने तपासलं. ‘शी इज गोइंग थ्रू अ डिफिकल्ट टाइम’ म्हणजे ती कठीण काळातून जाते आहे. वहीत ‘गो थ्रू’पुढे कुठलाही एक अर्थ लिहिला असता तर उरलेल्या दोन ठिकाणी फसगत झाली असती. आणि ‘डील फेल थ्रू’ ऐकलंत तर तो व्यवहार फिसकटला. ‘थ्रू’ दिसला म्हणून पार पडला असं समजू नका.

‘कॉलवर येत नाहीत’ असं तुम्ही लिहिता, त्यातला मोठा भाग मला स्मरणशक्तीचा वाटत नाही, कानाचा वाटतो. तुम्ही वाचता ते ‘सॉर्ट – इट – आउट’, तीन वेगळे शब्द. पलीकडचा माणूस म्हणतो ‘सॉटिटाउट’, एका दमात, ‘र’ जवळजवळ गिळून. ‘पिक इट अप’चं होतं ‘पिकिटप’. ‘फॉलो अप ऑन इट’चं ‘फॉलोअपॉनिट’. पाठ केलेला शब्द कानावर येतो, पण त्याच्या चेहऱ्याची ओळख नसते. म्हणून उचललेलं वाक्य मोठ्याने म्हणा, आणि जोडूनच म्हणा. घरी पाच मिनिटं, स्वयंपाक करतानाही चालेल. म्हणताना जोर कुठे पडतो तेही ऐका. ‘सॉर्ट इट आउट’मध्ये तो ‘आउट’वर पडतो. त्याच जोडीचं नाम झालं की जोर पहिल्या भागावर सरकतो. ‘कॅन यू सेंड द ब्रेकडाउन’मध्ये ‘ब्रेक’वर जोर, खर्चाची फोड मागितली. ‘द टॉक्स ब्रोक डाउन’मध्ये ‘डाउन’वर जोर, बोलणी फिसकटली. जोराकडे लक्ष दिलंत की बोलण्याच्या ओघातूनही फ्रेजल व्हर्ब वेगळी ऐकू येऊ लागते.

व्याकरणाची एकच गोष्ट सांगते, कारण मराठी बोलणाऱ्यांची तीच वारंवार चुकते. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ यांसारखं सर्वनाम आलं की अनेक जोड्यांमध्ये ते मधे बसतं: ‘पुट इट ऑफ’, ‘सॉर्ट इट आउट’, ‘कॉल इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. पूर्ण नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पुट ऑफ द मीटिंग’ किंवा ‘पुट द मीटिंग ऑफ’. पण काही जोड्या फुटतच नाहीत: ‘लुक इनटू इट’, ‘गो थ्रू इट’, ‘लुक आफ्टर देम’. कुठली फुटते हे कसं ओळखायचं? विद्यार्थ्यांसाठीचे जे चांगले इंग्रजी शब्दकोश आहेत, त्यांत फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीखाली देतात आणि ‘काहीतरी’ या अर्थाची खूण जिथे बसायची तिथे छापतात. ‘पुट समथिंग ऑफ’ असं छापलेलं दिसलं की जोडी फुटते. एवढं बघायची सवय लावा, वेगळा नियम पाठ करायला नको.

आता मघाच्या ‘आय विल आस्क द मॅनेजर’कडे येते. खरं इंग्रजी म्हणजे फ्रेजल व्हर्बचं इंग्रजी, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. तसं नाही. ऐकताना त्या कळायलाच हव्यात, त्याला पर्याय नाही. बोलताना प्रत्येक ठिकाणी वापरायची सक्ती कुणाची नाही. ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘कंटिन्यू’ हे शब्द ब्रिटनमध्येही रोज बोलतात, त्यांच्या जागी ‘पुट ऑफ’ घालायला धडपडू नका. जिथे आपला शब्द जड पडतो तिथे मात्र बदल करण्यासारखा आहे. ग्राहकाने बिलातली चूक दाखवली आणि तुम्ही ‘वी विल इन्व्हेस्टिगेट’ म्हणालात तर चौकशी समिती बसल्यासारखं वाटतं. ‘आय विल लुक इनटू इट’ म्हणालात तर तो निश्चिंत होतो. असे पाच-सहा प्रयोग आधी तोंडात बसवा. ‘लुक इनटू’, ‘गेट बॅक टु यू’, ‘फॉलो अप’, ‘सॉर्ट आउट’, आणि थकलेल्या बिलाचा पाठपुरावा करताना ‘चेस अप’. उरलेले कानातून हळूहळू जिभेवर येतील. जो प्रयोग तुम्ही दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला नाही, तो स्वतः बोलायची घाई करू नका.

आणि कळलं नाही की विचारा. ‘विचारलं तर त्यांना कळेल की मला येत नाही’ ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. ‘काय म्हणालात?’ असं मोघम विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, थोडं मोठ्याने ऐकू येतं आणि आपण तिथेच राहतो. त्याऐवजी आपल्याला समजलेला अर्थ साध्या शब्दांत समोर ठेवा: ‘सो यू वॉन्ट अस टु होल्ड द पेमेंट टिल फ्रायडे, इज दॅट राइट?’ बरोबर असेल तर तो ‘येस’ म्हणेल, चूक असेल तर दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करताना बहुधा सोपे शब्द वापरेल. त्या दिवशी हसणाऱ्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्याला हसणं हे वाईटच. पण पुन्हा असं झालं तर ‘सॉरी, आय मेंट आय विल टेक इट अप विथ द मॅनेजर’ एवढं शांतपणे म्हणून पुढच्या मुद्द्यावर जा.

असेच प्रश्न इतरही वाचक विचारतात. ज्यांना असे कॉल नसतात, म्हणजे मुलाखतीची तयारी करणारे, परदेशात नुकतेच राहायला गेलेले, किंवा परदेशी नातवंडांशी बोलू पाहणारे आजी-आजोबा, त्यांनीही आपापल्या आयुष्याचा एकच कोपरा निवडावा. रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सला ‘थ्रो अप’, ‘पास आउट’, ‘कम राउंड’ आधी लागतात: उलटी होणं, बेशुद्ध पडणं, शुद्धीवर येणं. नातवंडांसाठी ‘पुट ऑन युअर शूज’, ‘पिक अप युअर टॉइज’, ‘हरी अप’. मुलाखतीला जाणाऱ्यांनी पाठ केलेल्या फ्रेजल व्हर्ब उत्तरात कोंबू नयेत, समोरच्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा ‘आय टूक ओव्हर द प्रोजेक्ट’, ‘आय सेट अप द टीम’ अशी स्वतःच्या कामाची खरी वाक्यं आधी मोठ्याने म्हणून तयार ठेवावीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. नकार देऊ नका. ‘आधी सुधारते, मग घेते’ यात एक अडचण आहे. सुधारणा ज्या जागी होणार, ती जागाच तुम्ही सोडताय. शिवाय कॉल चालवणाऱ्याला ऐकणाऱ्यापेक्षा एक मोठी सोय असते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विषय कोणता, कोणत्या क्रमाने, किती वेळ, हे तुम्ही ठरवता. पुढे काय बोललं जाणार ते माहीत असलं की अनोळखी शब्दाचाही अर्थ लागतो. कॉल चालवायला लागणारी वाक्यंही मोजकी असतात. सुरुवातीला ‘लेट्स गो थ्रू द ओपन आयटम्स’. एक मुद्दा संपला की ‘शाल वी मूव्ह ऑन?’ चर्चा भरकटली तर ‘कॅन वी कम बॅक टु दॅट लेटर?’ आवाज तुटला तर ‘यू आर ब्रेकिंग अप, कुड यू से दॅट अगेन?’ शेवटी ‘लेट्स रॅप अप’ आणि ‘आय विल फॉलो अप बाय ईमेल’. तो ईमेल कॉलनंतर लगेच पाठवा, त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख आणि जबाबदार माणूस लिहा, आणि काही चुकीचं ऐकलं असेल तर कळवा अशी ओळ घाला. ‘पुश बॅक’सारखा गोंधळ झालाच तर तो त्या संध्याकाळी उघड होईल, दोन रात्रींनी नाही. लिहिण्यात तुमचा हात बसलेला आहेच, तो इथे कामी येतो.

एकदम सगळं अंगावर घ्यायची भीती वाटत असेल तर लीडकडे मधला मार्ग मागा. पहिला महिना ते कॉलवर हजर राहतील, पण चालवणार तुम्ही. इंग्रजीबद्दल माफी मागत हे बोलू नका, कामाची पद्धत म्हणून बोला. मुद्द्यांची यादी तुम्ही सोमवारी सगळ्यांना पाठवणार, कॅप्शन सुरू ठेवणार, आणि तारखा लेखी पक्क्या करणार. कुठल्याही लीडला यात वावगं वाटणार नाही. होकार याच आठवड्यात कळवा, म्हणजे पहिल्या कॉलच्या आधीचे उरलेले मंगळवार तुम्हाला नुसतं ऐकायला आणि वाक्यं उतरवून घ्यायला मिळतील.